मुंबईच्या पत्त्यावर आलेलं पत्र

बारावीचा निकाल लागला तेव्हा माझ्या नाकावर कायम राग असायचा आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. तेही मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, दुसरीकडे कुठे नाही. गुण चांगले होते, पण काठावरचे. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतून तिथे गेलेली मुलगी आमच्या आळीत तरी कुणी पाहिली नव्हती. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हो गो, होशील हो डॉक्टर, आधी भात नीट लाव." मी मनातल्या मनात त्यांना इंजेक्शन टोचायची.

अर्ज बाबांनी भरला. बाबा कचेरीत कारकून. निम्मी आळी अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायची, त्यामुळे या कामात त्यांना कुणी काही शिकवलेलं खपत नसे. पत्रव्यवहाराच्या पत्त्याशी मात्र ते थांबले. "पावसात घाट बंद पडतो, टपाल चार-चार दिवस अडकतं," असं म्हणून त्यांनी मुंबईचा पत्ता घातला. म्हणजे गावाची खोली. रत्नागिरीजवळच्या आमच्या मूळ गावातून कामाला गेलेले पुरुष तिथे पाळीपाळीने झोपत, माझा काकाही त्यांतलाच. "पत्र तिथे दुसऱ्या दिवशी पडेल, आणि कुणी ना कुणी गावाला येतंच. पोस्टापेक्षा आपलं माणूस बरं." हे मला फारच हुशारीचं वाटलं, कबूल करते.

मग वाट बघणं सुरू झालं. बाकीच्या मुली पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या, मला तीही सोय नव्हती. माझं पत्र एसटीने यायचं होतं. सकाळी मुंबईच्या गाड्या लागल्या की मी दूध आणायच्या निमित्ताने स्टँडवर जायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. गावचं कुणी दिसलं की, "काकाने काही दिलंय का हो?" काकाने एकदा खजूर दिला होता, एकदा आजोबांची औषधं. पत्र नाही. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी झापलं, "पोरीच्या जातीने स्टँडवर काय उभं राहायचं ते?" मी म्हटलं, "मग घरचा पत्ता घालायचा होतात." त्या दिवशी आई आमच्या दोघांशीही बोलली नाही.

जुलै अर्धा सरला. बाबांनी हाताशी असावा म्हणून इथल्या कॉलेजात बीएस्सीचा प्रवेश घेऊन ठेवला. मी वर्गात बसायची, पण वही उघडायची नाही. जेवण गोड लागत नव्हतं, झोप लागत नव्हती, आणि कुणी "झालं का काही?" विचारलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. नाही म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते अधांतरी लटकणं नको झालं होतं.

रविवारी दुपारी गावचा एक माणूस दारात आला. लावणीसाठी रजा काढून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून लखोटा. "पोस्टाचा काय भरवसा दादा? भिजलं असतं. जिवापाड जपून आनलंय." आधी तो खेडला सासुरवाडीत उतरला होता. तिकडे लावणीला माणसं कमी, म्हणून पाच दिवस चिखलात उभा राहिला आणि मग इकडे आला. काकाने पत्र फोडलं नव्हतं, दुसऱ्याचं पत्र फोडू नये म्हणून. तार केली नव्हती, कारण आमच्याकडे तार आली की आधी बायका रडायला लागतात, वाचतात मागाहून.

मी पत्र वाचलं. वेटिंग लिस्टवर माझा तिसरा नंबर. मूळ कागदपत्रांसह गुरुवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे. तो गुरुवार होऊन तीन दिवस झाले होते.

मी पत्र बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आईला सांगितलं, "ह्याला चहा टाक, साखर जास्त घाल." तो माणूस चहा पीत बसला, खूश होता. त्याच्या हातातली बशी हिसकावून घ्यावी असं मला वाटत होतं. पण पाच दिवस त्या चिखलाच्या घरात त्याने लखोट्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. त्याला काय बोलणार? मी परसात जाऊन रडले.

सोमवारच्या गाडीने बाबा आणि मी मुंबईला गेलो. मंगळवारी सकाळी कॉलेजच्या कचेरीत खिडकीशी बाबा हात जोडून उभे राहिले. त्यांच्या कचेरीत लोक त्यांच्यापुढे असे उभे राहतात, ते स्वतः असे उभे राहिलेले मी कधी बघितले नव्हते. "साहेब, पाऊसपाणी. टपाल उशिरा आलं," ते म्हणाले. कारकुनाने लखोटा उलटा केला आणि मागच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे बघा, बटवडा झालाय. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मुंबईतल्या मुंबईत आठवडाभर कुठे होतं पत्र?"

बाबांनी लखोटा परत घेतला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिचा नंबर तसाही लागला नसता, नाही का हो?"

त्यांना नुसतं 'नाही' ऐकायचं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. मलाही तेच ऐकायचं होतं. पण कारकून सरळ माणूस. त्याने रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं. "तीन जागा होत्या. हिचं नाव दोनदा पुकारलं. मग चौथीला घेतलं."

बाहेर आल्यावर बाबा फुटपाथवर थांबले. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती, बाबा सांगत आणि आम्ही करत असू. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काय करायचं गो?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता. आणि कीवही येत होती, त्यामुळे राग धड काढताही येईना. गाडीभर पुरेल एवढं बोलायचं जमवून ठेवलं होतं मी. "घरी जाऊ," एवढंच म्हटलं. पुढे वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही.