धामणीच्या लाकडाचं धनुष्य

पहिलं धनुष्य तुटलं तेव्हा माझा नवरा माझ्यापासून चार हातांवर उभा होता. मीच त्याला तिथं उभं केलं होतं.

वसईतल्या आमच्या सोसायटीची गच्ची, रविवारची सकाळ. मी दोरी ओढत होते आणि धनुष्याच्या दोन्ही भुजा सारख्या वाकतात का, हे त्यानं समोरून बघून सांगायचं होतं.

"वरची जरा ताठ वाटते गं," तो म्हणाला.

"थांब, अजून थोडं ओढते."

फटाका फुटावा तसा आवाज झाला. माझ्या हातात धनुष्याची नुसती मूठ राहिली आणि तो डाव्या डोळ्यावर तळवा दाबून खाली बसला. ओरडलासुद्धा नाही. बोटांच्या फटीतून रक्त मनगटापर्यंत आलं, तेव्हा ओरडले ती मी.

डोळा वाचला. नजर मात्र दुधी काचेतून बघितल्यासारखी झाली, ती तशीच राहिली. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काम सुटलं नाही, पण स्कूटर चालवणं सुटलं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही म्हणून चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची. तो गुपचूप फडकं घेऊन ओटा पुसायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, "पडद्याचा रॉड लावत होतो, निसटला." माझं नाव त्यानं कुणाजवळही काढलं नाही. मलाही काही बोलला नाही. त्याचंच मला ओझं व्हायला लागलं.

मी दातांच्या कवळ्या बनवते. मेण वितळवायचं, साचा घालायचा, कवळी गुळगुळीत होईपर्यंत घासायची, यात माझी वीस वर्षं गेली आहेत. धनुष्याचं खूळ मोबाईलवरचे व्हिडिओ बघून लागलं होतं. हाताला दुसरं काहीतरी हवं होतं, एवढंच. ते पहिलं धनुष्य मी बाजारातून आणलेल्या पट्टीचं केलं होतं. तुटलेले तुकडे नवऱ्यानं टाकायला सांगितले, पण मी ते एका पिशवीत घालून माझ्या लॅबमध्ये ठेवले. आठवडाभरानं भिंगाखाली धरले आणि जे दिसणार हे मला ठाऊक होतं, तेच दिसलं.

पट्टीच्या पाठीवर एक गाठ होती. पाठ म्हणजे धनुष्याची बाहेरची बाजू. ओढताना सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून तिथले लाकडाचे तंतू कापायचे नसतात. हे मी वाचलेलं होतं. तरी ती गाठ मला कुरूप दिसली आणि मी कानस घेऊन ती सपाट केली, वर पॉलिश मारलं. धनुष्य बरोबर तिथंच तुटलं होतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही.

तरी मी पुन्हा धनुष्य करायला घेतलं. नंदाखाळला माझ्या मामांची वाडी आहे, नारळ आणि केळी. तिथं गेले असताना नारळीच्या झापांच्या शेडमध्ये त्यांची जुनी कावड आडवी टांगलेली दिसली. तरुणपणी ते तिला टोपल्या लावून भाजी बाजारात न्यायचे. लाकूड धामणीचं, चिवट आणि लवचिक, मनगटाएवढं जाड.

"ही मला द्याल?" मी विचारलं.

"काय करतेस गो तिचं?" मामा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ने. माझा खांदा मोडला, पण ही नाय मोडली."

या वेळी मी पाठीवरची लाकडाची एकही रेघ कापली नाही, तासलं ते फक्त आतल्या बाजूनं. कावडीचा बाक तसाच ठेवला. आणि पाठीवर शिरांचा थर द्यायचा ठरवलं. बकऱ्याच्या टाचेमागची जी पांढरी शीर असते, ती वाळवून, ठेचून तिचे तंतू काढायचे, ते सरसात, म्हणजे कातड्याच्या गोंदात, बुडवून लाकडाच्या पाठीवर लांबीनं बसवायचे. सुकताना ते आवळतात आणि लाकडाला धरून ठेवतात. लाकडाला चीर गेलीच, तरी त्याचे तुकडे सहसा उडत नाहीत. मला तेवढंच हवं होतं.

मटणवाल्याला मी शिरा ठेवायला सांगितलं. "कुत्र्यासाठी का ताई?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. घरीही खोटंच बोलत होते. मामांना बरं नाही, असं सांगून दर रविवारी नंदाखाळला जायचे. वाळलेल्या शिरा स्टीलच्या डब्यात भरून माळ्यावर मागे ढकललेल्या होत्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नवरा पोह्याचा डबा शोधत माळ्यावर चढला. मी हॉलमध्ये होते. झाकण निघाल्याचा आवाज आला.

"हे काय आहे?"

डबा हातात घेऊन तो दारात उभा होता. मी सांगितलं.

"परत?" तो इतकंच म्हणाला.

मग माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. गाठ, कानस, पॉलिश. मला तेव्हाच माहीत होतं, हेही. बोलताना मी त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत होते, कारण दुसऱ्याकडे बघवत नव्हतं.

"माहीत होतं आणि मला समोर उभं केलंस?"

"काही होणार नाही असं वाटलं."

त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि चपला घालून बाहेर पडला. दोन तासांनी आला. त्यानंतर अकरा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. दिवाळीत मुलगी हॉस्टेलवरून आली, तिनं विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?" दोघंही एकदम "काही नाही" म्हणालो. त्या दिवसांत मला वाटायचं, त्यानं एकदा मोठ्यानं ओरडावं. त्यानं ओरडायचं टाळलं आणि रोज रात्री पाठ करून झोपला.

बाराव्या दिवशी, रविवारी, मी निघताना तोही शर्ट घालून तयार.

"लपून करू नकोस," तो म्हणाला. "मला बघू दे काय करतेस ते."

नंदाखाळपर्यंत मी स्कूटर चालवली, तो मागे बसला. मामांनी त्याला बघितलं आणि चहा टाकायला आत गेले. मी सरस गरम केला, तंतू भिजवले, विंचरले, विटा रचतात तसे एकाआड एक सांधे ठेवत लाकडावर बसवले. तो एका उलट्या टोपलीवर बसून बघत राहिला. दुपारनंतर उठला आणि तंतूंच्या जुड्या माझ्या हातात द्यायला लागला. देताना हात चुकायचा, मग मी माझा हात त्याच्या हाताखाली नेऊन धरायचे.

तीन थर झाले. थंडीचे तीन महिने धनुष्य शेडमध्ये सुकत राहिलं. मग ओढून बघायची वेळ आली.

ओढायची व्यवस्था नवऱ्यानं केली. धनुष्याची मूठ खांबाला बांधली, विहिरीची कप्पी काढून खांबाच्या पायाशी बसवली, धनुष्याच्या दोरीला दोर बांधून तो तिच्यातून लांब घेतला. शाळेतून मागून आणलेला स्प्रिंगचा वजनकाटा दोराला लावला. ओढणारा विहिरीच्या कठड्याआड, पंधरा पावलांवर. मामांना त्यानं घरात पाठवलं. आम्ही दोघांनी प्रयोगशाळेचे चष्मे लावले.

एकेक इंच. प्रत्येक इंचाला थांबायचं, दोर सैल करायचा, परत ओढायचं. पंधरा. अठरा. वीस. शिरांचा थर करकरत होता, नव्या चपलेसारखा. बाविसाव्या इंचाला 'टक्' असा आवाज झाला.

मी दोर सोडून खाली बसले.

"काही उडालं नाही," तो म्हणाला. "बघ तरी."

मी कापसाचा बोळा पूर्ण लाकडावरून फिरवला. चीर असती तर कापूस अडकला असता. लाकूड साफ होतं. वरच्या टोकापाशी तंतूंची एक जुडी मात्र बोटभर सुटून वर आली होती.

"एवढंच आहे," मी म्हणाले. "बाकी घट्ट आहे. चालेल."

"चालेल?" त्याचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "चालेल म्हणूनच मागे ते झालं ना? सुटलंय ना? मग सरस लाव, दोऱ्यानं आवळून बांध. आठ दिवस थांब. घाई कुणाला आहे?"

मी रडले. तो जवळ आला नाही, पण सरसाचं भांडं चुलीवर त्यानंच ठेवलं.

पुढच्या रविवारी धनुष्य पंचवीस इंचांपर्यंत वाकलं. आवाज नाही. दोन्ही भुजा सारख्या. तिथंच थांबायचं, असं आम्ही ठरवलं. मग हातानं ओढायची वेळ आली. तो समोर यायला लागला, तशी मी किंचाळले, "मागे हो! माझ्या मागे!" मामा दारात येऊन उभे राहिले. नवरा मुकाट्यानं माझ्या पाठीशी गेला.

मी बाण लावून ओढलं. गाल, जबडा, डोळे, सगळं आकसून गेलं होतं. कानाजवळ काहीतरी फुटणार, याची शरीर वाट बघत होतं. बाण कधी सुटला ते कळलंच नाही. समोर घड उतरवलेल्या केळीच्या बुंध्यात तो वीतभर शिरला होता.

"मधापासून चार बोटं डावीकडं," नवरा मागून म्हणाला.

नंतर त्यानंही तीन बाण सोडले. एकही बुंध्याला लागला नाही, तिसरा पाण्याच्या पाटात पडला. तो चष्मा काढून डोळे चोळत बसला. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "मला अजून राग आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मामांनी आतून जेवायला हाक मारली. आम्ही धनुष्याची दोरी उतरवली आणि हात धुवायला विहिरीवर गेलो.