पोपसाहेबांची बातमी

पोप वारले तेव्हा ऑकलंडमध्ये रविवारची सकाळ होती. रेडिओवर बातमी लागली. आईने रेडिओ बंद केला.

पप्पा आतल्या खोलीत झोपले होते. "यांना सांगायचं नाही," आई म्हणाली. मी टीव्हीची वायर काढली, आणि पप्पा उठल्यावर त्यांना सांगितलं की टीव्ही बिघडलाय.

पप्पांना कंपवात होता. पोपसाहेबांनाही तोच. आम्ही वसईचे कॅथलिक. ऑकलंडच्या मनुरेवा भागात घर घेतल्यावर मी आईपप्पांना इकडे आणलं होतं. पप्पांनी पोपसाहेबांना एकदाच पाहिलं होतं, ते मुंबईला आले होते तेव्हा, गर्दीतून, फार लांबून. पण त्यांचं आयुष्य पप्पांना घरातल्या माणसाचं असावं तसं पाठ होतं. लहानपणी आई गेली, तरुणपणी दगडाच्या खाणीत काम केलं, पुढे स्वतःवर गोळी झाडणाऱ्याला तुरुंगात जाऊन भेटले. शेवटी शेवटी हात थरथरायचा, शब्द फुटायचा नाही, तरी ते रोममधल्या आपल्या खिडकीत लोकांसमोर येत राहिले. त्यांनी आता पद सोडावं असं पेपरात कोणी लिहिलं की पप्पा चिडायचे. "बाप म्हातारा झाला म्हणून राजीनामा देतो का?"

पप्पांचं गिळणं बिघडत चाललं होतं. हॉस्पिटलातली पुण्याची डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "ते स्वतः प्रयत्न करतायत तोवर ठीक आहे. त्यांनी मनातून सोडून दिलं, तर नळीचा विचार करावा लागेल." नळी पप्पांना नको होती. मी चमचा भरवायची आणि त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची. पेज खाली उतरली की माझा श्वास सुटायचा. पप्पा मात्र मला विचारायचे, "काल खिडकीत आले होते ना पोपसाहेब? मग आण पुढचा चमचा."

म्हणून तो आठवडा आम्ही बातमी दाबून ठेवली. फोन आला की मी मागच्या अंगणात जायची. शेजारची सामोअन बाई, आमच्याच चर्चमधली, फुलं घेऊन आली, तिला फाटकापाशीच थांबवलं. पप्पा रोज विचारायचे, "काय म्हणतायत पोपसाहेब?"

"आराम करतायत," आई म्हणायची आणि पाठ वळवून क्रूसाची खूण करायची.

महिन्यातून एकदा चर्चचे फादर आमच्या घरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, करायला यायचे. त्या शुक्रवारी दुपारी ते आले तेव्हा आम्ही त्यांना दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. फादर स्वतःही म्हातारे.  "मी आपणहून काही सांगणार नाही," ते म्हणाले. "पण खोटंही बोलणार नाही." आम्हाला तेवढं पुरेसं वाटलं.

जेवणाच्या टेबलावर मिस्सा सुरू झाली. मिस्सेच्या मधल्या प्रार्थनेत आधी पोपचं नाव घेतात, मग बिशपांचं. जगात कुठेही गेलात तरी घेतात. पोप वारले की नवीन पोप निवडला जाईपर्यंत ती जागा रिकामी राहते. जन्मभर मिस्सा ऐकून आम्हा दोघींना हे सुचलं नव्हतं. फादर त्या ओळीपाशी आले, अडखळले, आणि सरळ बिशपांचं नाव घेऊन पुढे गेले.

पप्पांचे डोळे मिटलेले होते. ते उघडले.

ख्रिस्तप्रसादाचा कण पाण्याबरोबर चमच्याने दिला. तो उतरायला फार वेळ लागला. 

"कधी?" मिस्सा संपल्यावर पप्पांनी विचारलं.

"रविवारी," मी म्हटलं.

त्यांनी आईकडे पाहिलं. "तुला काय वाटलं, मी पण त्यांच्या मागोमाग निघेन?"

"अहो, तुम्ही खाणं सोडलं असतं." आई रडायला लागली.

"अगं, ते पोप. मी एसटी डेपोतला क्लार्क. मला कोण बोलावतंय घाईने?" फादरांना मराठी कळत नव्हतं, तरी ते हसले. पप्पा हसले नाहीत. "आठवडाभर मी त्यांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करतोय, बाय. त्यांच्या आत्म्यासाठी कधी करणार होतो?"

 मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "टीव्ही झाला असेल आता दुरुस्त. लाव."

त्याच संध्याकाळी रोमहून अंत्यविधी दाखवत होते. साधी लाकडी पेटी जमिनीवर ठेवलेली, आणि तिच्यावरच्या शुभवर्तमानाच्या ग्रंथाची पानं वाऱ्याने उलटत होती. पप्पांनी जपमाळ मागितली. ती संपल्यावर पेज मागितली आणि अर्धी वाटी खाल्ली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या गळ्याकडेच बघत होते.

त्यानंतर चमचा पुढे केला की पप्पा काही विचारायचे नाहीत. नुसतं तोंड उघडायचे. ते आपल्या बळावर खात होते की आमच्यासाठी, हे मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. नळी लागली नाही. हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि ते गेले.

आता घरात आई आणि मी आहोत. पप्पांच्या खोलीत आई झोपते.