घासून लख्ख केलेलं कपलिंग

विमानांच्या इंजिनांच्या वर्कशॉपात त्याला सगळे आरसा म्हणत. हातात येईल तो भाग घासून लख्ख केल्याशिवाय गड्याला चैनच पडायचं नाही. घरी बायको वैतागायची, "अहो, तव्याचं बूडसुद्धा सोडत नाही तुम्ही!" तिचा धाकटा भाऊ मालवाहू विमानाचा पायलट. त्याचं एका इंजिनाचं विमान दाजींच्याच हाताखालून जायचं, याचा त्याला कोण अभिमान!

आता कपलिंग म्हणजे इंजिनातले दोन शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, जोडणारं दातेरी कडं; ते तुटलं की इंजिन बंद. दाते एकमेकांवर घासतात, तपकिरी भुकटी साचते, आणि रोजच्या पिळाने धातू थकला की दात्याच्या बुडाशी केसाएवढी चीर पडते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तपासणीच्या बाई लाल रंग लावून बघत. वरचा रंग पुसला तरी चिरेत मुरलेला मागाहून वर येतो. बाई कानीकपाळी ओरडायच्या, "नुसतं तेल धुवा, घासू नका! घासलं की चिरेचं तोंड बुजतं, रंग आत जातच नाही." पण आरशाला ती भुकटी बघवेल तर शपथ. त्यातून मेहुण्याच्या विमानाचं काम! पॉलिश पेपरने त्याने ते कपलिंग चांदीसारखं केलं. बाईंना एकही रेघ दिसली नाही. झालं, पास!

त्याच खेपेचं, तेवढंच चाललेलं दुसरं कपलिंग आज आलं, तेव्हा आरसा जेवायला गेला होता. बाईंनी ते न घासता तपासलं. जवळजवळ प्रत्येक दात्याच्या बुडाशी लाल रेघ.

"मेहुण्याच्या विमानातलं घासलं होतं का तुम्ही?" तो येताच बाईंनी विचारलं. आरसा घड्याळाकडे बघत "हो" म्हणाला. मेहुणा सकाळीच उडाला होता.

दोघं रेडिओच्या खोलीकडे धावले. रेडिओवाल्याने निरोप दिला, जवळ मिळेल तिथे उतर, कपलिंगचा भरवसा नाही. पलीकडून हसू आलं. "अहो, ते आमच्या दाजींनी बसवलंय! काय होतंय त्याला?"

आरशाने माइक हिसकावला. "अरे, मीच घाण केली रे! नको तिथे घासलं, आतली चीर कुणाला दिसलीच नसेल. उतर बाबा, हात जोडतो तुला."

मग मेहुण्याचा आवाज आला, अगदी हळू. "दाजी, खाली सगळं पाणीच आहे. उतरू कुठे?"

आरशाने माइक तोंडाशी नेला. "सांगतो," एवढंच म्हणाला आणि माइकचं बटण दाबून तसाच उभा राहिला. बटण दाबलेलं असलं की पलीकडचं काहीच ऐकू येत नाही. रेडिओवाला त्याची बोटं एकेक करून सोडवत होता.