फुलीचं घर

"पाणी द्या गं बाई, घसा सुकला."

आमच्या हिनं कुणाचंही दार वाजवलं की पहिलं वाक्य हेच. डोसाचं नाव नंतर. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं कामसुद्धा असंच सुरू झालं. ही दारात, तिच्यामागं मी पोलिओच्या लसीचा डबा खांद्याला लावून, आणि अंगणवाडीच्या ताई जरा सावलीला सरकून उभ्या.

पाणी आलं नाही. पोरीचा बाप आला. नळाची कामं करणारा तरणा गडी. म्हणाला, "मावशी, मागल्या खेपेला डोस पाजला आणि पोर तापानं फणफणली. आता नाही. तुमचं काय जातं?"

"माझं काय जात नाय भाऊ. पाय तिचा जाईल."

त्यानं दार लावलं. हिनं कमरेला खोचलेला खडू काढून दाराशेजारी भिंतीवर फुली मारली. मग बंद दाराला म्हणाली, "उद्या येते रे. तू रागाव. मी नाही रागावत."

त्या वर्षांत तुम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहिला असाल तर तुम्हीही तिला पाहिलंय. बुटकी, काळी, चपला फटफट वाजवत चालणारी. सगळे तिला डोसवाली मावशी म्हणायचे. सरकारी नोकर नव्हती. एकदा अंगणवाडीत माणूस कमी पडलं म्हणून गेली, ती दर खेपेला जातच राहिली. रविवारी विहारात बूथ, आणि सोमवारपासून घरोघर.

मी कंपनीतून रिटायर झालो तसा डबा माझ्या खांद्यावर आला. नाक्यावरचे रिक्षावाले ओरडायचे, "मावशी, हमाल ठेवला काय?"

"नवरा आहे. हमाल एवढी कटकट करत नाही."

घरातल्या पोरांना डोस पाजून झाला की भिंतीवर इंग्रजी पी काढायचा. पोर राहिलं की फुली. फुलीच्या घरी परत जायचं, डोस पाजायचा, फुली पुसून पी काढायचा. तारीख वगैरे ताई लिहीत. पी आणि फुली मात्र हिच्याकडं. ही पदरानं फुली पुसायची, म्हणून त्या दिवसांत हिचा पदर कायम पांढरा. आणि हिच्या पीचं पोट सुटलेलं. मी म्हणायचो, "अगं, गरोदर बाई काढलीस." ती म्हणायची, "मग बरंय की, पुढल्या वेळी इथं अजून एक पोर मिळेल."

तिला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ पोलिओनं एक पाय गेलेला. लग्न होईपर्यंत ही त्याला कडेवर घेऊन गावच्या शाळेत पोचवायची आणि सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसायची. तूही आत बसतेस का, असं हिला कुणी विचारलं नाही. खडू हातात आला तो म्हातारपणी.

काही लोक सांगायचे, घरात लहान पोर नाही. ही दोरीवरच्या कपड्यांकडं बघायची. "मग ही झबली सासरेबुवांची काय?" बाई हसायची आणि पोर बाहेर यायचं.

पोरांना द्यायच्या आंबट गोळ्या आणायला आम्ही उल्हासनगरला एका सिंधी दुकानात जायचो. तिथला शेट विचारायचा, "अम्मा, बच्चों की डॉक्टर हो क्या?"

"डॉक्टर नहीं शेट, डॉक्टर की सास."

एकदा मी म्हणालो, दारोदार एवढं पाणी पितेस, पोटाचा हंडा झाला असेल. तर म्हणाली, "अहो, पाणी दिलं की बाई थांबते. थांबली की ऐकते." थोडं चालून म्हणाली, "आणि पाणी कोण देत नाही तेही कळतं." आम्ही जयभीमवाले. मला पुढचं विचारायची गरज पडली नाही. न देणाऱ्या दारातही ती पुढल्या खेपेला परत पाणीच मागायची. तिची जिद्द ती.

तर त्या दिवशी फुली मारून आम्ही नाक्यावर चहा प्यायलो. तिनं अर्धा माझ्या बशीत ओतला. घरी आल्यावर म्हणाली छातीत जळजळतंय, जरा पडते. भात लावते म्हणाली उठल्यावर. उठली नाही. डॉक्टर आला, मान हलवली, गेला.

लेक चामटोलीहून आली आणि संध्याकाळी उरकलं. गर्दी खूप होती. तो नळवालाही आला होता. तिरडीला खांदा द्यायला पुढं झाला. मला राग आला. सकाळी दार लावतोस आणि आता खांदा देतोस?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चपला घातल्या. लेक म्हणाली, "बाबा, कुठं निघालात? लोक भेटायला यायचेत."

"फुली राहिलीय तिची."

विहारापाशी ताई डबा घेऊन निघतच होत्या. मला बघून रडायला लागल्या. "काका, मी जाते ना. तुम्ही घरी बसा."

"बसून काय करू? डबा द्या इकडं."

त्या दारात जाऊन उभा राहिलो. मी आजवर कधी पुढं उभा राहिलो नव्हतो. काय बोलायचं ते सुचेना. मग तेच म्हणालो, "पाणी द्या गं बाई."

पोरीची आई तांब्या घेऊन आली. मागं तो, पोरीला कडेवर घेऊन. कामावर जायची वेळ टळून गेली होती.

"मावशी म्हणाल्या होत्या उद्या येते म्हणून," तो म्हणाला. "मग थांबलो."

मी पाणी प्यायलो. ताईंनी पोरीला दोन थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. पोरीनं तोंड वाकडं केलं. माझ्या खिशात आंबट गोळी होती, ती तिला दिली.

"काका, फुली," ताई हळूच म्हणाल्या आणि खडू माझ्या हातात ठेवला.

फुलीची एक रेघ लांब होती, एक आखूड. तिनं मारलेली ती शेवटची. मी बघत राहिलो. ताई थांबल्या, तोही थांबला. ठेवली असती तर कुणी काही बोललं नसतं. पण ती बोलली असती. मी खांद्यावरचा टॉवेल काढून पुसली, आणि तिथं पी काढला.

परत त्याच गल्लीतून आलो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तिचे पोट सुटलेले पी होते. त्यात एक तेवढा माझा, बारीक पोटाचा.