अनुसयाबाईचं काळं बिस्कीट

अनुसया तिरोडीची. तिचा बाप महागू तिथल्या मँगनीजच्या खाणीत दगड फोडायचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा त्यानं घरातले देव ओढ्यात सोडले आणि परकर सावरत दारात उभ्या असलेल्या पोरीला म्हणाला, "आतापासून कोनासमोर मान खाली घालाची नाही, बाई." अनुसयाला त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण बापाचा तो आवाज तिच्या मनात राहिला.

पुढे लग्न होऊन ती बालाघाटला आली. नवरा डोमाजी रेल्वेच्या छोट्या लाइनीवर खलाशी होता. स्वभावानं भला, पण भांडणाला भिणारा. सासू मैनाबाईचे दात पडले होते, जीभ मात्र शाबूत होती. घर रुळाजवळच्या वस्तीत, कौलारू, दोन खोल्यांचं.

घराला हातभार म्हणून अनुसया भरवेलीच्या खाणीवरच्या एका इंजिनीअराच्या बंगल्यात झाडूपोछाला जाऊ लागली. इंजिनीअरबाई मंगळूरकडच्या ख्रिस्ती. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदीही मोडकीच. माणसांवाचून त्यांचा जीव कंटाळून जायचा, मग त्या स्वयंपाकघरात काही ना काही भाजत बसायच्या. डिसेंबरातल्या एका दुपारी त्यांनी फरशी पुसणाऱ्या अनुसयाला हाक मारली. "हाथ धो लो, और आटा मलो."

अनुसया दारातच थबकली. परक्या घरात चुलीपर्यंत तिला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. तिनं हात धुतले, पुन्हा एकदा धुतले आणि परातीजवळ बसली.

त्या दिवशी ती जे शिकली त्याचं नाव तिनं नंतर स्वतःच ठेवलं, जोडबिस्कीट. मैदा, पिठीसाखर, डालडा आणि कोकोची काळपट भुकटी एकत्र मळायची. ती कणीक पातळ लाटायची. ग्लासाच्या तोंडानं गोल चकत्या कापायच्या आणि भाजायच्या. गार झाल्या की दोन चकत्यांच्या मध्ये फेटलेलं लोणी-साखर भरायचं. यातली खरी मेख भाजण्यात होती. साधं बिस्कीट लालसर झालं की कळतं; हे आधीच काळं, त्यामुळे डोळ्यांचा काही उपयोग नाही. नाकावर भिस्त ठेवायची. कच्च्या पिठाचा वास जाऊन गोड, किंचित कडवट वास सुटला की लगेच बाहेर काढायचं. इंजिनीअरबाई डोळे मिटून वास घ्यायच्या, आणि अनुसयाही त्यांच्या शेजारी डोळे मिटून उभी राहायची.

दोन हिवाळे असे गेले. मग साहेबांची बदली झाली. जाताना बाईंनी कोकोचा उरलेला डबा अनुसयाच्या हाती दिला आणि तिचा खांदा थोपटला. बंगल्यात दुसरे लोक आले, त्यांनी त्यांची माणसं आणली. अनुसया घरी बसली.

पण हातांना चैन पडेना. घरी ओव्हन कुठला! तिनं जुन्या पातेल्यात वाळू भरली, ते शेगडीवर चढवलं, आत ताटली ठेवली आणि वरच्या झाकणावर निखारे रचले. पहिली खेप खालून कोळसा झाली आणि वरून कच्चीच राहिली.

मैनाबाईनं एक चकती उचलून उलटसुलट पाहिली. "हे काय वो? गवऱ्या थापल्या का?"

डोमाजी हसला. अनुसया हसली नाही. तिनं वाळू वाढवली, खालचा जाळ कमी केला, निखारे कडेकडेनं मांडले. बऱ्याच खेपा गाईच्या पुढ्यात गेल्या. शेवटी एके दिवशी घरभर तो ओळखीचा वास पसरला. मैनाबाईनं बिस्कीट चहात बुडवलं आणि तोंडात टाकलं. हिरड्यांनीच चघळलं. मग हात पुढे केला. "आनखी एक दे."

बसस्टँडवर दुलीचंदचं चहाचं दुकान होतं. डोमाजीची त्याच्याशी ओळख. डोमाजीनं पुडी नेऊन दाखवली, दुलीचंदनं खाल्लं, त्याच्या बायकोनं, म्हणजे कमलानंही खाल्लं, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या फळीवर जोडबिस्किटांची काचेची बरणी आली. कोकोचा प्रश्न गोंदियाच्या गाडीवरच्या मोतीलाल गार्डनं सोडवला. तो नागपूरहून डबे आणून द्यायचा. उन्हाळ्यात लोणी वितळून बिस्किटं एकमेकांवरून घसरायची, म्हणून अनुसया त्या दिवसांत काम बंद ठेवायची. थंडीत मात्र बरणी भरायचाच अवकाश, की लगेच रिकामी व्हायची.

बिस्किटं कोणाच्या हातची, हे दुलीचंदनं कोणाला सांगितलं नव्हतं. पण गाव लहान. एका सकाळी एका गिऱ्हाइकानं अर्धं बिस्कीट खाल्लं, शेजारच्यानं त्याच्या कानात काही सांगितलं, आणि तो माणूस उठून नळावर चूळ भरू लागला. त्याचं पाहून आणखी दोघे उठले.

संध्याकाळी दुलीचंद बरणी घेऊन अनुसयाच्या घरी आला. ओट्याखालीच उभा राहिला. "बाई, माह्या मनात काही नाही. पन गिऱ्हाईक तुटून राह्यलं ना." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक काम करू. मी सांगीन का माल गोंदियाहून येते. तुमी कोनाले बोलू नोका. मी मागच्या दारानं घेऊन जाईन."

डोमाजीला ते पटलं. दुलीचंद गेल्यावर तो म्हणाला, "नाव कोनाचं हाये, काय फरक पडते? घरात दोन घास जास्त येतीन."

अनुसया बरणी पुसत होती. पुसता पुसता तिचे हात थांबले. "चोरी केली का मी? मागच्या दारानं काहून? माह्या हातचं हाये हे सांगूनच विकीन. नाहीतर आपनच खाऊ."

बरणी कोनाड्यात जाऊन बसली. नंतरचे दिवस वाईट गेले. कोकोचा डबा तसाच बंद राहिला. शेगडीवर फक्त भात शिजायचा. डोमाजी कामावरून यायचा, तिच्याकडे पाहायचा आणि ताटावर बसायचा.

कार्तिकात मैनाबाईनं तोंड उघडलं. "रामपायलीची जत्रा येऊन राह्यली. तिथं जाऊन बस."

"आपन बुद्धाचे, माय. रामाच्या जत्रेत कशाले?"

"कढई घेऊन बसनारे सारे देवळात जातात का? भूक लागली का माणूस खाते. बस."

अनुसयानं शेगडी पेटवली. डोमाजीनं लाकडाच्या फळीवर खडूनं पाटी लिहायला घेतली. 'घरचे चॉकलेट जोडबिस्कीट. अनुसया डोमाजी गजभिये, बालाघाट.' लिहून झालं असं वाटून तो थांबला, तेव्हा अनुसया पाटीवर मधोमध बोट ठेवून म्हणाली, "मंधात बौद्ध लिवा."

डोमाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं लिहिलं. ठळक लिहिलं.

जत्रेत त्यांनी जिलेबीवाल्यांच्या रांगेपासून जरा बाजूला चादर पसरली. सकाळभर लोक आले, पाटी वाचली आणि पुढे गेले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते विचारायचे, "जळालं हाये का हे?" एकानं पाटी मोठ्यानं वाचली, नाक मुरडलं आणि सोबतच्या बायकोला ओढून नेलं. डोमाजीची नजर जमिनीवरून उठेना. "घरी जाऊ," तो पुटपुटला.

"डबा भरलेला हाये अजून," अनुसया म्हणाली.

एवढ्यात लामत्याची एक शेतकरीण, रुख्माबाई, रडणाऱ्या नातीला कडेवर घेऊन आली. पोरीनं डब्याकडे बोट केलं. रुख्माबाईनं विचारलं, "हे पोट्टीले चालन का?"

"चालन. पन पाटी वाचून घ्या पयले."

"मले वाचता नाही येत."

"आमी बौद्ध आहो. म्या बनवलं हे."

रुख्माबाईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग कडेवरच्या पोरीकडे. "हिचा बाप धानाच्या रोवणीले तुमच्याच लोकांसंगं बांधीतल्या चिखलात उतरते. दे वो, बाई."

पोरीनं बिस्कीट घेतलं, दोन्ही चकत्या उकलल्या आणि आधी मधलं लोणी चाटून साफ केलं. रडणं कुठल्या कुठे गेलं. तोंड काळंपांढरं झालं. ते पाहून जिलेबीसाठी हट्ट धरणारी दोन पोरं तिकडून वळली, त्यांच्यामागे त्यांच्या आया. काही आया पाटी वाचून परतल्या. काही परतल्या नाहीत.

दुपार कलली तेव्हा कमला आली. सोबत तिची जाऊ होती. दर्शन घेऊन आलेल्या, कपाळावर गुलाल. कमलानं पाटी शांतपणे वाचली, एक जोड मागून घेतला आणि तिथंच, रस्त्यात उभ्या उभ्या खाल्ला. जाऊ तिचा पदर ओढत होती.

"मांगं बी तुमचंच खाल्लं होतं," कमला म्हणाली. "तवा मले माहीत नव्हतं. आता माहीत हाये. चव तेच हाये."

अनुसयानं आणखी एक जोड कागदात बांधून कमलाच्या हातावर ठेवला. डोमाजीनं मान वर केली आणि गळा मोकळा करून ओरडला, "ताजं जोडबिस्कीट! घरचं जोडबिस्कीट!" लग्न झाल्यापासून अनुसयानं त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

कमलानं घरी जाऊन नवऱ्याला काय ऐकवलं ते कोणाला माहीत नाही. पण महिन्याभरात दुलीचंद पुन्हा दारात आला, या वेळी ओटा चढून आत आला आणि खाटेवर बसून पाणी प्याला. बरणी पुन्हा फळीवर गेली, तिच्यावर अनुसयाचं नाव चिकटवलेलं. काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. चूळ भरणारा माणूस पुन्हा कधी आला नाही. पण बसची वाट पाहणारी कॉलेजची पोरं यायला लागली, आणि त्यांना नावाशी देणंघेणं नव्हतं.

सत्तर साल उजाडण्याच्या सुमारास अनुसयानं अंगणात विटांची खरीखुरी भट्टी बांधली. दिवाळी जवळ आली की वस्तीतल्याच नव्हे, पलीकडच्या आळीतल्याही बायका आपापला मैदा, तूप, साखर घेऊन यायच्या. नानकटाई भाजून घ्यायच्या आणि वाट पाहत अंगणात गप्पा मारायच्या. मैनाबाई खाटेवरून सगळ्यांवर हुकूम सोडायची.

पुढे डोमाजीची बदली नैनपूरला झाली. तो म्हणाला, "सामान बांध."

अनुसयानं भट्टीकडे पाहिलं. "हे कशात बांधू जी?"

डोमाजी विचारात पडला, मग हसला आणि एकटाच नैनपूरला गेला. दर शनिवारी छोट्या गाडीनं तो घरी यायचा, आणि थंडीच्या दिवसांत सोमवारी परत निघताना त्याच्या दोन्ही हातांत डबे असायचे. नैनपूरच्या स्टेशनावर ओव्हरकोट घातलेले सारे गार्ड-ड्रायव्हर त्या गाडीकडे डोळे लावून बसलेले असत.