सगळ्या नावांचं एकच माप

वंदनाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या बसस्थानकावर उभी होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. आजार जुना होता, तरी मला रडू नाही, राग आला. अजून आहे. त्यात भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "लय शांत होती बिचारी." शांत? वंदना?...

आम्ही दोघी भाड्याच्या एका खोलीत बसून वेबसाइट बनवायचो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. पान समोर दिसत असतं आणि माऊसनं त्यावरच रंग, आकार बदलायचे, असं ते काम. घाईत माणूस एकेक शब्द धरून मोठा नाहीतर लाल करत सुटतो, आणि नंतर कुठं काय केलंय ते कुणालाच सापडत नाही. वंदनाला हे खपायचं नाही. ती आधी स्टाइल, म्हणजे अक्षरांचा आकार आणि रंग, ठरवायची, तिला नाव द्यायची आणि सारख्या मजकुराला तीच लावायची. एकदा बदललं की सगळीकडं बदलायचं.

एका शाळेच्या पानावर तिनं अध्यक्षांपासून झाडू मारणाऱ्या शेवंताबाईंपर्यंत सगळ्यांना 'नाव' ही एकच स्टाइल लावली. अध्यक्ष पडद्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, शिपायांची, झाडूवालीची नावं जरा बारीक करा. फिक्की."

"पद खाली लिहिलंय की सर. नाव बारीक कशाला?"

"एका क्लिकचं तर काम हाय."

"म्हणूनच करणार न्हाई," वंदना म्हणाली.

काम गेलं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "माझी आई जन्मभर शाळा झाडायची. तिचं नाव कुणी कुठं लिहिलंच न्हाई गं..."

अध्यक्षांनी दुसरा माणूस आणला. त्यानं शेवंताबाईंच्या नावावर क्लिक केलं आणि आकार कमी केला, रंग फिक्का केला. पण बदलली ती सगळ्यांना लावलेली स्टाइलच! उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर पान उघडलं, तर अध्यक्षांसकट सगळी नावं मुंगीएवढी आणि फिक्की. दुसऱ्या दिवशी फोन आला, "तेवढं नीट करून द्या." वंदना गेली, सगळी नावं पुन्हा एका मापाची केली, चहा घेतला आणि निघाली. शेवंताबाई फाटकापर्यंत सोबत आल्या. "पोरी, माझं नाव लय ठसठशीत दिसायलंय," म्हणाल्या.

शेवटच्या दिवसांत धाप लागायची, तरी उशीला टेकून ती मांडीवरच्या लॅपटॉपवर माझी पानं तपासायची, चुकलं की तिथंच रागवायची.

गेल्या आठवड्यात घरमालकांनी विचारलं, "बाई न्हाईत आता. खोली कधी सोडायलाव?"

सोडणार नाही म्हणून सांगितलं. सकाळी कुलूप मीच काढते. दाराशी खिळ्याला तिची ओढणी अडकवलेली आहे. झाडताना ती काढते, झटकते, आणि परत तिथंच अडकवते.