टोव्हाची पोवळी

मोन बेटाच्या किनाऱ्यावर वाळू कमी, गोटेच फार. पांढऱ्या खडूच्या कड्यातून समुद्र ते सोडवून आणतो. एखादा गोटा वेगळा दिसला, की लोक तो टोव्हा रावन्सहोल्टकडे न्यायचे. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई गोटा जिभेने ओला करायची, भिंगाखाली धरायची आणि सांगून मोकळी व्हायची. बंदुकीच्या गोळीसारखी कांडी म्हणजे माकुळाच्या जातभाईचं आतलं हाड आणि बारीक भोकांची जाळी म्हणजे पोवळं.

ऑगस्टमध्ये कोपनहेगनहून एक जीवाश्मतज्ज्ञ बाई आल्या. राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा खाता खाता त्यांनी टोव्हाच्या खिडकीतली गोट्यांची रांग न्याहाळली आणि जाळीवाला दगड उचलला. पोवळ्याच्या भोकात चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे असतात, इथे ते नाहीत, असं त्या हळूच म्हणाल्या. हे शेवाळासारखे पसरणारे चिमुकले जीव, पोवळी नव्हेत. टोव्हाने भिंग लावलं. पडदे नव्हतेच. अकरा वर्षं ती गावाला बिनधास्त चुकीचं सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सायकल काढली आणि घरोघरी चूक कबूल करत निघाली. पाद्री हसले. बेकरीवाल्या बोडिलने पोवळं दुकानात मांडून वर चिठ्ठी लावली होती. गिऱ्हाइकांना पोवळंच आवडतं म्हणून ती अडून बसली. टोव्हाने तिथेच उभ्याने नवी चिठ्ठी लिहिली.

मग एइनार आणि व्हिबेकेचं घर. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला व्हिबेकेला उबदार समुद्रातली पोवळी पाहायला जायचं होतं. एइनारने तिच्या हातात टोव्हाने पारखलेला दगड ठेवला आणि पोवळी दारातच आहेत, इतक्या लांब कशाला जायचं, म्हणून विषय संपवला होता. टोव्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने सरळ सांगून टाकलं. व्हिबेकेने बटाटे सोलायची सुरी खाली ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी पुसत आले ते पोवळं नाहीच?"

"नाही गं. पण सात कोटी वर्षांचं आहे, ते मात्र खरं."

"वयाचं राहू दे. जुनं तर घरात आणखी एक आहे."

"टोव्हा," एइनार म्हणाला, "तुला आज दुसरं काही काम नव्हतं?"

फेब्रुवारीत दोघं खरी पोवळी पाहायला इजिप्तच्या समुद्रावर गेली. जाईपर्यंत कुरकुरणारा एइनार तिथे तळाला काच बसवलेल्या होडीतून उठेना. व्हिबेके दोनदा जेवायला एकटीच गेली.

परत आल्यावर तो टोव्हाकडे आला आणि भिंग कुठलं घ्यावं, म्हणून विचारू लागला. आता तो आणि टोव्हा किनाऱ्यावर वाकून फिरतात आणि प्रत्येक गोट्यावर भांडतात. ओळखू आला नाही, तर टोव्हा "माहीत नाही" म्हणते. पहिल्यांदा म्हणताना तिला जड गेलं होतं.